गिरणीची गाडी

‘हा पंखा फक्त अध्यक्षालेच वारा देते. आपल्या डोक्यावरचा नुसता हजेरी लावते,’ मोहोडकाका माझ्या कानाशी पुटपुटले.

मी पदराआड हसले. काकांच्या शेजारी बसणाऱ्याला ही कसरत करावीच लागे. मी करंजवेलच्या नगरपालिकेत निवडून आले तेव्हा सभागृहात एकच खुर्ची रिकामी होती, आणि ती रिकामी का आहे हे मला पहिल्याच सभेत कळलं. काका सभाभर कुरकुरत. चहा पाणचट, माइक खरखरतो, इतिवृत्त वाचणारा बाबू अर्धे शब्द गिळतो. हसू शेजारच्याला यायचं आणि अध्यक्षांकडून समजही शेजारच्यालाच मिळायची. काकांना समज द्यायची छाती कोणाची नव्हती.

पुंडलिकराव मोहोड म्हणजे आमच्या सूतगिरणीच्या कामगार संघटनेचे नेते आणि पालिकेतले सगळ्यांत जुने नगरसेवक. अंगानं आडवे, आवाज भरदार. माइकची तक्रार त्यांनी का करावी हे मला कधीच समजलं नाही, कारण त्यांना माइक लागतच नसे. मी सातवी शिकलेली, ब्लाउज शिवणारी बाई. वॉर्ड महिलांसाठी राखीव झाला म्हणून उभी राहिले आणि निवडून आले. पालिकेच्या कायद्याचं पुस्तक शिलाई मशीनवर उघडं ठेवून वाचत असे. अडलं की काकांना विचारायचं. ते सांगत त्यातलं निम्मं चूक निघे, पण सांगत मात्र अशा खात्रीनं की विचारल्याचं समाधान व्हायचं.

त्या दिवशी अर्थसंकल्पाची सभा होती. फेब्रुवारी सरत आला होता आणि आमच्या वऱ्हाडात तेव्हाही ऊन ऐटीत येतं. समोर अध्यक्ष डॉक्टर अजमिरे रुमालानं मान पुसत होते. होमिओपॅथीचे डॉक्टर, स्वभावही तसाच, कोणालाच झोंबणार नाही असा. त्यांच्या डाव्या हाताला नव्या मुख्याधिकारी लोणारे मॅडम. आणि मागच्या बाजूला, लाकडी कठड्यापलीकडे, प्रेक्षकांच्या बाकांवर गिरणीचे कामगार. इस्त्रीचे खाकी शर्ट घालून, दरवर्षीसारखे. त्यांत दुसऱ्या बाकावर, खिडकीजवळ, आमचे हे.

गिरणीबद्दल आधी सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळायचं नाही.

गिरणी बंद पडून तेव्हा आठेक वर्षं होत आली होती. ‘बंद पडली’ असं मी आज लिहिते. तेव्हा गावात असं कोणी म्हणत नव्हतं. गिरणी ‘थांबली’ म्हणायचं. मुलगी पाहायला आलेल्या पाहुण्यांना बाप सांगायचा, गिरणीत आहे कामाला, आणि पाहुणेही मान हलवायचे, कारण त्यांच्याही घरात एक जण गिरणीतच कामाला असायचा.

आणि गाडी होती. पालिकेच्या मालकीच्या दोन बस होत्या. एक स्टेशन ते बाजार फिरायची. दुसरी गिरणीच्या पाळीच्या वेळेला गिरणीच्या गेटापर्यंत जायची आणि पाळी सुटली की परत यायची. तिला सगळे गिरणीची गाडी म्हणत. गिरणी थांबली, गाडी थांबली नाही. गाडी थांबवणं म्हणजे काहीतरी बोलणं झालं असतं, आणि ते बोलायला कोणी तयार नव्हतं. त्यामुळे सकाळच्या पाळीला गाडी निघायची, त्यात धुतलेले कपडे घालून, डबे घेऊन माणसं बसायची. कुलूप लावलेल्या गेटासमोरच्या कडुनिंबाखाली उतरायची. पत्ते, पेपर, राजकारण. दुपारी डबा खायचा आणि दुसऱ्या पाळीच्या गाडीनं घरी यायचं. गावात बाग नव्हती, मैदान नव्हतं. करमणुकीची तेवढी एकच सोय पालिका इमानेइतबारे चालवत होती, आणि तिचं नाव वाहतूक खर्च असं होतं. बाहेरगावचे लोक हसायचे. मलाही हसू यायचं, पण सकाळी डबा भरताना नाही.

ह्यांना तिथं बसायला काकांनी सांगितलं होतं. एकट्या ह्यांना नाही, सगळ्यांनाच. हजेरी मोडू नका, जो दुसरीकडे कामाला लागेल त्याचं नाव गिरणीच्या पटावरून कटेल. हे त्यांनी सांगितलं तेव्हा ते बरोबरच होतं, हे मला लिहिलं पाहिजे. पहिल्या वर्षी मालकानं बाहेरून माणसं आणून गिरणी गुपचूप चालवायचा घाट घातला होता. काकांनी तीनशे घरांचे पुरुष गेटावर बसवले, स्वतः त्यांच्यात बसले, उपास केला, लाठी खाल्ली, आणि मालकाला थकलेला पगार द्यायला लावला. त्या पगारावर माझ्या लेकीचं दवाखान्याचं निभलं. म्हणून गावात काकांच्या शब्दाला अशी किंमत होती, की पुढं काळ बदलला तरी तो शब्द मोडायला कोणी गेलं नाही.

आता त्या सभेकडे वळते.

सकाळपासून तीन विषयांवर ओढाताण चालली होती. प्रवीण गुल्हाने नावाचा तरुण नगरसेवक मैदान मागत होता. पोलीस भरतीची तयारी करणारी पोरं महामार्गाच्या कडेनं धावायची आणि मागच्या पावसाळ्यात त्याच्या वॉर्डातल्या एका पोराचा पाय ट्रकखाली गेला होता. मैदानाच्या मागे पोहण्याचा तलावही त्याला हवा होता, आणि तलावाचं वर्णन करताना तो इतका रंगला की निम्मं सभागृह मनानं पाण्यात उतरलं. व्यापाऱ्यांचे लोक बाजारासाठी ओटे आणि लहान कारागिरांसाठी गाळे मागत होते, कारण बाजार चिखलात भरायचा आणि गिरणी थांबल्यापासून गावाचा जीव त्या बाजारातच होता. आणि मी गाडी मागत होते.

महामार्गापलीकडे दाळमिली झाल्या होत्या, एक कापसाचं जिनिंग, एक बिस्किटांचा कारखाना. माझ्याकडे ब्लाउज शिवायला येणाऱ्या बाया तिथं कामाला जायच्या. काळीपिवळी जीपमध्ये कोंबून, दोघी-तिघी बाहेर लोंबकळत. तिथं पालिकेची गाडी पाठवा, एवढंच माझं म्हणणं. पण तिजोरीत होतं ते एका कामालाही पुरं पडणारं नव्हतं, आणि तिघं आपापल्या टोकाला ओढत होतो.

तेव्हा लोणारे मॅडम उठल्या. त्या तोवर गप्प होत्या. त्यांनी सांगितलं की, ज्या गावातला मोठा उद्योग गेला त्या गावांसाठी शासनाची एक योजना आली आहे. तिच्यातून मैदान, गाळे आणि गाड्या, तिन्ही होऊ शकतात. त्यांनी एक शब्द वापरला, आर्थिक लवचिकता.

‘लवचिक म्हंजे वाकायचं,’ काका माझ्या कानाशी. ‘ते आपल्याले येतेच. याच्यासाठी नागपूरहून आराखडा कायले पाह्यजे?’

मॅडमना ते ऐकू गेलं असावं. त्या आमच्याकडे पाहून म्हणाल्या, या गावानं आपलं सगळं धुणं एकाच दोरीवर वाळत घातलं होतं. दोरी तुटली तेव्हा सगळं एकदम खाली आलं. आता चार दोऱ्या बांधू, म्हणजे एक तुटली तरी बाकीचं वर राहील. मला हे लगेच पटलं. धुणं वाळत घालणं हा माझ्या समजेतला विषय होता.

त्यांनी नकाशा दाखवला. गिरणीभोवतीची मोकळी जागा. एका कडेला बाजार आणि गाळे, मधे मैदान, टोकाला तलाव. गिरणीची गाडी पुढे महामार्गापलीकडे नेलेली, आणि तिच्या जोडीला आणखी एक. गुल्हाने खुर्चीतून पुढे सरकला. व्यापारी एकमेकांकडे पाहून मान डोलवू लागले. अजमिरे डॉक्टरांनी रुमाल खिशात ठेवला. कधी नव्हे ते सभागृह एका बाजूला झालं.

‘फक्त एक गोष्ट,’ मॅडम म्हणाल्या. ‘ही जागा पालिकेची आहे, गिरणीला भाडेपट्ट्यानं दिलेली. गिरणी कायमची बंद झाली आहे, असा ठराव या सभेनं केला तर जागा परत आपल्याकडे येते. प्रस्तावाला तेवढं एक वाक्य लागेल. प्रस्ताव परवा निघाला पाहिजे.’

मागच्या बाकांवर कोणीतरी खोकलं.

दरवर्षी अर्थसंकल्पाच्या सभेत शेवटचा विषय गिरणीचा असायचा. भाडेपट्टा आणि गाडी, दोन्ही ‘गिरणी सुरू होईपर्यंत’ चालू ठेवावीत. काका भाषण करायचे, मागे टाळ्या पडायच्या, एकमतानं मंजूर, आणि चहा. कामगार त्यासाठीच इस्त्री करून यायचे. आमच्याकडे तो एक सणच होता म्हणा. त्या सणाच्या दिवशी हे वाक्य.

पहिल्यांदा अध्यक्षच बोलले. कायमची हा शब्द जरा कडक वाटतो, ‘तूर्त बंद’ म्हणू या का? मॅडम म्हणाल्या, तूर्त चालणार नाही. मग एकानं सुचवलं, ‘दीर्घ विश्रांतीच्या अवस्थेत’. व्यापाऱ्यांतल्या एकानं बराच विचार करून सांगितलं, ‘सुरू होण्याच्या हक्काला बाधा न येता बंद’. दुसऱ्याला ‘सद्यःस्थितीत अकार्यरत’ आवडलं, पण अकार्यरत म्हणजे काय हे तिसऱ्यानं विचारल्यावर त्यालाही सांगता येईना. सकाळी तासभर मैदानासाठी भांडलेला गुल्हाने छताकडे पाहत होता. मॅडम प्रत्येकाचं वाक्य शांतपणे लिहून घ्यायच्या आणि सांगायच्या की हे परत येईल.

शेवटी त्यांनी पेन खाली ठेवलं. ‘बंद झाली असं लिहून द्या, नाहीतर झाली नाही असं लिहून द्या. दोन्हीच्या मधलं मला पाठवता येत नाही.’

सगळ्यांच्या माना आमच्या खुर्च्यांकडे वळल्या. काका समोर पाहत होते. मला जाणवलं की बऱ्याच वेळापासून माझ्या कानाशी काहीच कुरकुर झाली नव्हती.

तुम्ही विचाराल, बाई, तुम्ही का नाही बोललात? बोलले असते तर ते ब्लाउज शिवणाऱ्या बाईचं बोलणं झालं असतं. मॅडम बोलल्या असत्या तर सरकारचं. मागच्या बाकांवरचा एकही माणूस दुसऱ्या दिवशी सकाळी गाडीत बसायचा राहिला नसता. उलट चिडून दोन जास्त बसले असते. ते वाक्य एकाच तोंडातून आलं तर खरं होणार होतं, आणि त्या तोंडाला त्याची काय किंमत पडेल हे सगळ्यांना माहीत होतं. काकांचं निवडून येणं, त्यांच्या अंगणातली रोजची गर्दी, वाटेत थांबून पाया पडणारी माणसं, सगळं त्या कुलपावर उभं होतं.

गुल्हानेला ते सहन झालं नसावं. तो छताकडे पाहतच म्हणाला, ‘काका, तुमचा संजय पुण्याच्या कारखान्यात लागला त्याले तीन वर्षं झाले न? का थोही गिरणी सुरू व्हायची वाट पाहून राह्यला तठी?’

मागच्या बाकांवर कुजबुज झाली. मुलगा संजय नव्या मशिनींचं ट्रेनिंग घ्यायला गेला आहे, असं काका गावात सांगत. ते ऐकून आम्ही सगळे मान हलवायचो. तीन वर्षं चालणारं ट्रेनिंग कोणतं, हे कोणीच विचारलं नव्हतं. विचारणारा काकांना उघडं पाडण्याआधी स्वतःच उघडा पडला असता.

अध्यक्षांनी घाईघाईनं चहाची सुट्टी जाहीर केली.

व्हरांड्यात कामगारांनी कागदावर चिवडा मांडला होता. काका बाहेर आले तसे सगळे उठून उभे राहिले. कोणी खुर्ची दिली, कोणी कप हातात दिला. गुल्हानेबद्दल दोन-चार जण वाईटसाईट बोलले. काकांनी हातानंच ते थांबवलं. मी खांबाशी उभी होते.

मग आमचे हे पुढे आले. ह्यांना मी लग्नापासून पाहत होते. गिरणीत फिटर होते तेव्हा घरी आले की हातानं भिंतीवर टिचकी मारून गात असत, वाद घालत असत, शेजाऱ्याचा रेडिओ न मागता दुरुस्त करून त्याला रागावत असत. तो माणूस आता कप दोन्ही हातांत धरून काकांसमोर वाकून उभा होता.

‘काका, एक इचारू? दाळमिलवाल्या सेठचा निरोप आहे. फिटर पाह्यजे तेले. आज सांजच्यापोत सांगा म्हणते.’ ह्यांनी कप हातात फिरवला. ‘जाऊ का? नाव तं नाही कटणार न?’

तो निरोप तीनदा आला होता. मी घरी सांगून सांगून थकले होते. मी दाळमिलच्या गाडीसाठी सभागृहात भांडत होते, आणि ज्याच्यासाठी भांडत होते तो त्या गाडीत बसायला काकांची परवानगी मागत होता.

काका ह्यांच्याकडे पाहत राहिले. मग म्हणाले, ‘सभा होऊ दे, वासुदेव.’

हे ‘बरं’ म्हणाले आणि परत बाकाकडे गेले. बरं म्हणताना ह्यांच्या चेहऱ्यावर सुटका झाल्यासारखं काहीतरी होतं. आणखी एक दिवस काही ठरवायचं नाही, याची सुटका. ते मला पाहवलं नाही.

काका खांबाशी माझ्याजवळ आले. चहा पाणचट आहे, असं म्हणतील असं वाटलं. ते म्हणाले, ‘हा वासुदेव माह्यासंग दोनदा भांडला होता, माहीत आहे तुले? भर गेटावर. एकदा तं म्हणे, तुमी नेते असान तं घरी. मले लय राग आला होता.’ कपात पाहत ते पुढे म्हणाले, ‘आता इचारते, जाऊ का.’

‘तुम्हीच सांगितलं त्यांना, हजेरी मोडू नका,’ मी म्हणाले. चिडून नाही. त्यांच्यावर चिडता येत नसे.

‘तवा बरोबर होतं.’

‘हो काका. तवा बरोबर होतं.’

त्यांनी माझ्याकडे मान वळवून पाहिलं. शिकवलेल्या माणसानं एखादं गणित न विचारता सोडवलं की मास्तर पाहतो तसं. आत घंटा वाजली. काकांनी चहा तसाच कठड्यावर ठेवला.

सभा पुन्हा सुरू झाली तेव्हा अजमिरे डॉक्टरांनी व्हरांड्यात बहुतेक सगळ्यांशी बोलून घेतलं होतं. त्यांनी आपल्या गोड आवाजात सांगितलं की विषय नाजूक आहे, भावनांचा आहे, तेव्हा हा विषय पुढच्या सभेत घ्यावा. योजना काय, पुढच्या वर्षीही येईल. यंदापुरता गाडीचा आणि भाडेपट्ट्याचा ठराव नेहमीप्रमाणे करू या, ‘गिरणी सुरू होईपर्यंत’.

सभागृहानं सुटकेचा एक मोठा श्वास सोडला. खरंच ऐकू आला. गुल्हानेनंसुद्धा डोळे मिटले. लोणारे मॅडमनी नकाशाची घडी करायला घेतली, ती बरोबर पडेना म्हणून पुन्हा उलगडून केली. अध्यक्ष म्हणाले, काकांनी नेहमीप्रमाणे दोन शब्द बोलावेत. तिकडे मागच्या बाकांवर टाळ्यांसाठी हात मोकळे झाले. कोणीतरी तंबाखूची डबी खिशात टाकली. हे खिडकीजवळून पुढे सरकून बसले, ऐकू नीट यावं म्हणून.

काकांना काहीच करायचं नव्हतं. दरवर्षीचं भाषण त्यांना पाठ होतं, मलासुद्धा पाठ होतं. ते म्हटलं असतं तर आणखी एक वर्ष सुखानं गेलं असतं, कदाचित त्यांच्या हयातीपर्यंत सगळी वर्षं.

पुढं काय झालं ते करंजवेलला माहीत आहे. मैदान झालं. तलावही झाला, त्यात उन्हाळ्यात पाणी नसतं ही गोष्ट वेगळी. ओट्यांवर बाजार भरतो, गाळ्यांत माझं शिवणकामाचं दुकान आहे, सहा बाया कामाला आहेत. गाडी महामार्गापलीकडे जाते आणि सकाळी तिच्यात उभं राहायला जागा मिळत नाही. हे अजून भांडतात, आता दाळमिलच्या सेठशी. काका पुढच्या निवडणुकीत पडले, थोड्याथोडक्या मतांनी नाही. त्यांच्या अंगणातली गर्दी गेली. ज्यांना त्यांनी लाठीखालून बाहेर काढलं होतं, त्यांच्यातल्या काहींनी मुलांच्या लग्नाची पत्रिका त्यांना दिली नाही. तरी ते लोकांच्या हक्काच्या थकलेल्या पैशांसाठी नागपूरच्या कोर्टात एकटे जात राहिले, आणि एकेकाचं मिळवून दिलं. गेले तेव्हा त्यांच्या मागं स्मशानात फार माणसं नव्हती. सहाही बाया मात्र दुकान बंद करून माझ्याबरोबर आल्या.

हे सगळं त्या दुपारी मला दिसत नव्हतं. त्यांना दिसत होतं, असं मला आजही वाटतं. उभं राहताना त्यांनी टेबलाची कड धरली होती.

मागे टाळ्या सुरू झाल्या. त्यांनी हात वर केला तरी थोडा वेळ चालूच राहिल्या, सवयीनं.

‘अध्यक्ष महाराज,’ ते म्हणाले, आणि अध्यक्षांकडे पाठ करून बाकांकडे वळले.

‘काका, सभागृहाकडे पाहून बोला,’ डॉक्टर हळूच म्हणाले. काकांनी ऐकलं नाही.

‘दसऱ्याच्या सुट्टीत मागच्या गेटाले ट्रक लागले होते,’ ते म्हणाले. आवाज मोठा नव्हता. मला पहिल्यांदाच वाटलं, यांना माइक हवा होता. ‘मशिनी भरून जिनिंगच्या रस्त्यानं गेले. तुमी पुढच्या गेटावर होते. मी सांगतलं होतं पुढच्या गेटावर बसा, म्हणून तुमी पुढच्या गेटावर बसले.’

त्यांनी बाकांवरून एकदा नजर फिरवली.

‘दिवाळीच्या आधी कोर्टाच्या माणसानं मले आत नेलं. संघटनेची सही पाह्यजे होती तेले. आत काही नाही. जमिनीवर बोल्ट आहेत अन् वर पारवे आहेत. मी तसाच हिंडलो, या टोकापासून त्या टोकापोत. आपल्या पाण्याच्या रांजणाची जागा सापडली मले, रांजण नाही सापडला. बाहेर आलो तं तुमी सगळे उभे झाले. इचारलं, काका, मशिनी कशा आहेत. मी म्हणालो, तेलपाणी चालू आहे.’

पहिल्या बाकावरचा म्हातारा जॉबर, म्हणजे खात्याचा मुकादम, तुळशीराम, मान खाली घालून आपल्या गुडघ्यावरची इस्त्रीची घडी नीट करू लागला. त्याचं तोंड असं होतं की जणू हे त्याला माहीत होतं. मी एकेकाकडे पाहिलं. सगळ्यांचीच तोंडं तशी होती.

‘माहा संजय ट्रेनिंगले नाही गेला,’ काका म्हणाले. ‘कामाले गेला. मी त्याले म्हटलं, जा. तुमाले नाही म्हटलं.’

त्यांनी टेबलाची कड सोडली. दुसऱ्या बाकावर, खिडकीजवळ त्यांची नजर थांबली.

‘वासुदेव.’

हे उभे राहिले.

‘आज सांजच्याले सेठले हो म्हण. नाव कटाचं भेव धरू नोको. मॅडम, तुमीही लिहून घ्या, जसं पाह्यजे तसं.’ काकांनी एकदा श्वास घेतला. ‘गिरणी आता सुरू होत नाही.’